ओढ्याच्या चढावरचा लाल दिवा

१

माणूस मेला होता आणि दिवा जिवंत होता.

राहात्याच्या अलीकडे ओढ्याचा पूल ओलांडला की रस्ता जरासा चढतो. त्या चढावर कडब्यानं भरलेला ट्रक उभा होता. मागच्या फळीवर तळहाताएवढा लाल दिवा लुकलुकत होता. लागे, विझे, पुन्हा लागे. लागला की रस्त्यावर आडवी झालेली फटफटी दिसे आणि तिच्याशेजारी धोतर पांघरलेला देह. विझला की दोन्ही अंधारात बुडून जात.

दिवस मावळून तासभर झाला होता. त्या साली आभाळानं पाठ फिरवली होती, आणि पावसाच्या जागी रस्त्यावर नुसती धूळ पडत असे. फौजदार गोरक्षनाथ जीपमधून उतरला तेव्हा त्या धुळीची चव त्याच्या जिभेवर होती.

"मच्छिंद्र हाय, सायेब," हवालदार कानिफनाथ म्हणाला. "गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. छावनीवरनं घरी चाललाता."

मच्छिंद्राला सगळा मुलूख ओळखत होता. गुरांच्या या चारा छावणीवरून त्या छावणीवर फटफटी दामटणारा, कुणाची गाय आडवी झाली तर तिच्या तोंडाशी बसून राहणारा माणूस.

कानिफनाथानं बॅटरीचा झोत रस्त्यावर फिरवला. "बघा की. ब्रेक मारल्याचा ओरखडासुदिक न्हाई. आन् दिवा तर असा लुकलुकतुया, आंधळ्यालाबी दिसंल. सरळ जाऊन धडकला."

गर्दीतून कुणीतरी हळूच बोललं, "सकाळी बायकोसंगं लई वाजलं व्हतं म्हनं."

एवढंच. पण ते वाक्य गर्दीत तेलाच्या थेंबासारखं पसरलं. गोरक्षनाथाला ते पसरताना दिसलं.

ट्रकचा ड्रायव्हर छगन पाण्याचा डबा मांडीशी धरून रस्त्याच्या कडेला बसला होता. इंजीन तापलं, रेडिएटर कोरडा पडला, म्हणून तो ऊन होतं तेव्हाच पाणी शोधायला निघाला होता. विहिरींनी तळ गाठलेला. परत येईपर्यंत अंधार झाला आणि हे होऊन बसलं. पलीकडे, सायकलला टेकून कादर मिस्त्री उभा होता. सगळ्यांत आधी तोच पोचला होता. चौकीवर निरोप त्यानंच धाडला, आणि तो दिवाही त्याच्याच हातचा होता.

गोरक्षनाथ ट्रकच्या केबिनमध्ये चढला. सीटवर भाकरीचं गाठोडं ठेवलेलं होतं, गाठ वर, फडक्याची टोकं नीट आत सारलेली. शेजारी हातब्रेकचा उंच दांडा मागे ओढलेला. तो दांडा पुढे सारताच बाहेर लुकलुक थांबली, पण ट्रक तसूभरही हलला नाही.

"ब्रेक सोडला की विझतो," खालून कादरचा आवाज आला. "ओढला की लागतो."

ट्रक बाजूला घ्यायचा तर मागच्या चाकाखालचा दगड निघेना. छगननं लाथ घातली, कानिफनाथानं पहारीनं हाणलं. अख्ख्या कडब्याचं ओझं त्या एका दगडावर येऊन बसलं होतं. शेवटी इंजीनमध्ये पाणी घालून ट्रक वीतभर पुढे घेतला, तेव्हा कुठं दगड सुटला.

गोरक्षनाथानं सगळं पाहिलं, पण त्यातलं काय महत्त्वाचं आहे हे त्याला तेव्हा कळलं नाही.

२

चार दिवसांनी गोरक्षनाथ मच्छिंद्राच्या घरी गेला. गोठा रिकामा होता. दावं खुंटीला तसंच होतं.

म्हातारी रंगुबाई उंबऱ्यावर बसली होती. फौजदार दिसताच तिनं आतल्या अंगाला बोट केलं. "तिला इचारा. माज्या लेकाला हिच्या जिभंनं खाल्लं."

"आई, जरा दमानं घ्या."

"काय दमानं? दिवा दिसत व्हता न्हवं? समद्या गावानं बघितला. दिसत असून गेला, म्हंजी जायाचंच व्हतं त्येला. कुनाच्या बोलन्यानं, ते सांगाया मला फौजदार लागत न्हाई."

आतून मनकर्णा आली. डोळे कोरडे होते, आणि ते रडण्यापेक्षा वाईट दिसत होतं. तिनं सासूकडं पाहिलं नाही.

"खरं हाय ते," ती म्हणाली. "गाय आमी छावनीत सोडलीती. तितं ती मेली. मी यान्ला म्हनलं, दुसऱ्याची गुरं जगवीत फिरता, आन् घरची एक राखता आली न्हाई. परत तोंड दावू नगा मला." तिनं खुंटीवरच्या दाव्याकडं पाहिलं. "तोंड दावलं न्हाई त्येंनी. दवाखान्यातनं बांधूनच आनलं."

रंगुबाईनं पदर तोंडात कोंबला.

गोरक्षनाथ उठायला लागला तशी मनकर्णा दारापर्यंत आली. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "सायेब, मला दुसरं काय नगं. एवडंच सांगा. त्येन्ला दिवा दिसला का? दिसला आसंल, तर मी मारलं. न्हाई दिसला, तर..."

जीप सुरू झाली तरी ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आणि गोरक्षनाथाला उमगलं की कागदावर 'अपघात' लिहून हे प्रकरण मिटवणं आता आपल्या हातात राहिलं नाही.

३

ट्रकचे मालक कारभारी शेठ आपल्या आवारात बाजेवर बसून होते. ट्रकांची रांग उभी होती आणि प्रत्येकाच्या मागे तोच लाल दिवा.

"माज्या गाडीत खोट न्हाई, फौजदार," ते म्हणाले. "आख्ख्या नगर जिल्ह्यात असा दिवा कुनाच्या गाडीला न्हाई. आदी काय व्हायचं? गाडी बंद पडली की मागं दगडं मांडायची, बाभळीची फांदी टाकायची. गाडी निघून जायाची आन् दगडं रस्त्यात तशीच. पुन्ना त्या दगडांवर कुनीतरी मरायचं. मीच समद्या डायवरान्ला बजावलं, आता दगडं न्हाई, फांद्या न्हाई. गाडी थांबली की दिवा आपोआप लागतो."

"आणि क्लीनर? छगन एकटाच होता."

"दगडं मांडायची न्हाईत, तर क्लीनर कशाला पोसायचा?" शेठ सहज म्हणाले. मग स्वतःच रांगेतल्या ट्रककडं बघायला लागले.

कादर मिस्त्रीच्या दुकानात बॅटरीच्या ॲसिडचा आंबट वास होता. फळीवर नवे दिवे ओळीनं मांडलेले, लाल काचा पुसून लख्ख केलेल्या. कादर वायरी आणि बॅटरीचं काम करी. ट्रक त्यानं कधी चालवला नव्हता.

"हे खूळ कुठून घेतलंत, मिस्त्री?"

"माझा भाऊ होता. फक्रुद्दीन," कादर म्हणाला. "क्लीनर होता. गाडी बंद पडली म्हणून मागं दगड मांडायला गेला. वाकलेला असतानाच मागून गाडी आली." त्यानं एक काच उचलली, पुन्हा पुसली. "तेव्हापासून डोक्यात होतं, साहेब. गाडीच्या मागं माणूस जायलाच नको. कुणी आठवण ठेवायला नको. ड्रायव्हर उतरताना हातब्रेक ओढणारच. तीच वायर मी दिव्याला जोडली. विसरायची सोयच ठेवली नाही."

त्याची बायको सुरय्या चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "तुमीच सांगा ह्यांना, साहेब. जेवत नाहीत, झोपत नाहीत. लोक दिव्याचं नाव घेतायत, आन् हे काळे पडत चाललेत."

"सुरय्या, आत जा."

गोरक्षनाथानं चहाचा घोट घेतला. "त्या संध्याकाळचं सांगा."

"समोरून एसटी गेली. तिचा उजेड डोळ्यांत, मागं धुळीचा लोट. काही दिसेना म्हणून मी सायकलवरून उतरलो. तेवढ्यात पुढं दाणकन आवाज झाला. धावत गेलो."

"तुम्ही पोचलात तेव्हा दिवा चालू होता?"

कादरनं काच फळीवर ठेवली. ती ओळीत नीट बसेना, त्यानं पुन्हा सरकवली.

"तुम्हीही बघितलात की, साहेब," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर गोरक्षनाथ कितीतरी वेळ त्या उत्तरावर अडकून पडला. त्यानं विचारलं होतं कादरच्या डोळ्यांचं, आणि उत्तर आलं होतं फौजदाराच्या डोळ्यांचं.

४

मिस्त्रीकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, भर उन्हात, तोच ट्रक त्याच चढावर आणला. कडबा तसाच भरलेला. कारभारी शेठ छत्री धरून उभे, कानिफनाथ घाम पुसत.

"छगन, काहीच वेगळं करायचं नाही," गोरक्षनाथ म्हणाला. "त्या दिवशी जसा थांबलास, तसाच थांब."

"आता दिवा लागलेला दिसंलच की," शेठ म्हणाले. "कशापायी उनात उभं करता?"

छगननं ट्रक कडेला घेतला. गिअरमध्ये टाकून इंजीन बंद केलं. डबा घेऊन खाली उडी मारली, खडीच्या ढिगातला एक धोंडा उचलला आणि मागच्या चाकाला लावला. ट्रक किंचित मागे सरकला आणि धोंड्यावर बसला. जड, घट्ट. छगननं हात झटकले आणि तो रानाच्या दिशेनं चालायला लागला.

"थांब," गोरक्षनाथानं हाक मारली. "इकडं ये. दिवा बघ."

सगळे मागे आले. लाल काचेवर गोरक्षनाथानं आपल्या टोपीची सावली धरली.

दिवा लागलेला नव्हता.

छगन त्या काचेकडं पाहत राहिला.

"त्या दिवशी धोंडा लावताना हा बंद आहे हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं की, सायेब." छगननं डबा खाली ठेवला. "पर उजेड व्हता तवा. शेठ म्हनले, आपोआप लागतो. मला वाटलं, अंधार पडला की आपोआप लागंल. आन् परत आलो तवा लागलाच व्हता! मी खोटं न्हाई बोललो."

"हातब्रेक का नाही ओढलास?"

छगननं असं पाहिलं, जसं कुणी त्याला बूट घालून देवळात का जात नाही म्हणून विचारत होतं. "रस्त्यात कोन ओढतं ब्रेक? तापलेला असतो. एकदा धरून बसला की सुटत न्हाई, मग गाडी जागची हलत न्हाई. आमी समदेच दगड लावतो. माज्या वस्तादानंबी तेच शिकवलं."

कारभारी शेठांची छत्री हळूहळू खाली आली. "मिस्त्री मला म्हनला व्हता ब्रेकचं," ते पुटपुटले. "मला वाटलं, ब्रेक तर डायवर ओढतच असतील. त्येच्यात सांगायचं काय?"

गोरक्षनाथ दगडाजवळ उकिडवा बसला. हा दगड त्या संध्याकाळीही असाच रुतलेला होता; आपण दांडा पुढे सारला तेव्हाही ट्रक हलला नव्हता. म्हणजे ट्रक दगडावर टेकला तेव्हा त्याला धरायला ब्रेक नव्हता. आधी ब्रेक ओढला असता तर ट्रक मागे आलाच नसता आणि दगड लाथेसरशी निघाला असता. पण केबिनमध्ये चढलो तेव्हा ब्रेक ओढलेला होता, हेही खरं. मधल्या वेळात कुणीतरी तो ओढला.

"छगन, भाकरीचं गाठोडं कुठं ठेवतोस?"

"ब्रेकच्या दांड्याला. त्याचा खुंटीपरीस दुसरा उपेग काय? माजी बायकू गाठ मारून देती, ती दांड्यात अडकवायची. खाली पाय लागत्यात, आन् अन्नाला पाय लागू नये."

"आणि मी ते सीटवर पाहिलं," गोरक्षनाथ उठत म्हणाला. "गाठ वर, टोकं आत. गाठोडं काढल्याशिवाय दांडा मागे येत नाही. ज्यानं तो ओढला, त्यानं एवढ्या घाईतही कुणाचीतरी भाकरी खाली टाकली नाही."

कानिफनाथाची मान आपोआप राहात्याच्या दिशेला वळली. तिकडं नाक्यावर ते आंबट वासाचं दुकान होतं.

५

कादर वाटच पाहत होता. फळीवर एकही दिवा उरला नव्हता. सगळ्या लाल काचा पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवल्या होत्या.

"मिस्त्री, भाकरीचं गाठोडं सीटवर ठेवलंत," गोरक्षनाथ एवढंच म्हणाला.

कादर स्टुलावर बसला. आतून सुरय्याची चाहूल थांबली.

"मला फसवायचं नव्हतं," तो म्हणाला. "आल्ला जाणतो. मी धावत गेलो, बघतो तर ट्रक काळा ठिक्कर. माझा दिवा बंद. डोक्यात एकच, वायर तुटली का? बल्ब गेला का? माझ्या हातानं एक माणूस मारला का? मी आधी केबिनमध्ये चढलो, साहेब. आधी दिवा बघितला. माणूस नाही बघितला."

सुरय्या पडद्याशी येऊन उभी राहिली.

"ब्रेक ओढलेला नव्हता. दांड्याला गाठोडं. ते काढून ठेवलं, दांडा ओढला. मागं लाल उजेड पडला. मला... मला बरं वाटलं." हा शब्द उच्चारताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "वाटलं, माझी वायर साबूत आहे. उतरून मागं आलो. मच्छिंद्रभाऊ पडलेले. डोळे उघडे. दिव्याकडं बघत होते."

"जिवंत होता?"

"होते. माझ्याकडं नाही, दिव्याकडंच बघत होते. म्हणाले, 'आत्ता लागला.' एवढंच. मग डोळे तसेच राहिले."

कादरनं कोपऱ्यातल्या पोत्याचं तोंड आवळलं.

"लोक जमले. दिवा चालू बघून आपसांतच बोलायला लागले की त्यानं मुद्दाम जीव दिला. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. उद्या उघडीन, उद्या उघडीन म्हणत राहिलो. कारण उघडलं असतं तर सगळ्या गाड्यांवरनं दिवे निघाले असते. पुन्हा कुणाचातरी फक्रुद्दीन गाडीमागं वाकला असता." त्यानं दोन्ही हात पुढे केले. "घ्या."

गोरक्षनाथानं बेड्या काढल्या नाहीत. नुसतं उठायची खूण केली. सुरय्या पडद्याआडून म्हणाली, "आन् त्या बाईचं काय, हो? ती इतके दिवस स्वतःला काय समजत असंल?" ते फौजदाराला विचारलं नव्हतं. कादर दारात थबकला, आणि तिच्याकडं न बघताच बाहेर पडला.

६

सांगायला फौजदार एकटाच गेला.

रंगुबाई उंबऱ्यावर, मनकर्णा रिकाम्या गोठ्याच्या कुडाला टेकून. त्यानं काही लपवलं नाही. दगड, गाठोडं, एसटीचा उजेड, धूळ, धुळीच्याच रंगाचा तो कडबा. दिवा तेव्हा लागलेला नव्हता. धडकेपर्यंत समोर काही आहे हे मच्छिंद्राला कळलंच नसणार, म्हणून ब्रेकचा ओरखडा नाही.

"म्हंजी त्येन्ला दिसलं न्हाई," मनकर्णा म्हणाली.

"नाही."

"शेवटी काय बोलले का?"

गोरक्षनाथानं सांगितलं. तिनं ते दोन शब्द ओठातल्या ओठात घोळवून पाहिले, जशी वाटेत सापडलेली वस्तू आपली की परक्याची हे कुणी चाचपून पाहतं. त्या शब्दांत ती कुठंच नव्हती. तिचं बोलणं नव्हतं, गाय नव्हती, रागही नव्हता.

तिला वाटलं होतं, दिवा दिसला नाही असं कळलं की छातीवरचा धोंडा उतरेल. धोंडा जागचा हलला नाही.

रंगुबाई मात्र एकदम मोडून पडली. इतके दिवस तिच्याकडे निदान सून तरी होती, बोट रोखायला. आता ते बोट कुणावर रोखायचं? भाकरीच्या गाठोड्यावर? तापलेल्या ब्रेकवर? तिनं मनकर्णेचा हात ओढून छातीशी धरला आणि आक्रोश केला, "मरायचं न्हवतं गं त्येला! घरी येत व्हता! मरायचं नसताना मेला गं माजा लेक!"

ते ऐकवत नव्हतं. जीव दिला या समजुतीत एक कारण तरी होतं. खऱ्या गोष्टीत कसलंच कारण नव्हतं, आणि ती खरी गोष्ट फौजदारानं स्वतःच्या पायांनी चालत या घरात आणून ठेवली होती.

कादरवर पुरावा बदलल्याचा खटला उभा राहिला. कारभारी शेठांनी एका सकाळी सगळ्या गाड्यांचे दिवे उखडून काढले, आणि वायरींची टोकं फळीखाली लोंबत राहिली. ब्रेक ओढायला कुणी कुणाला शिकवलं नाही. क्लीनर परत आले, दगड परत आले, बाभळीच्या फांद्या परत आल्या. गाड्या दुरुस्त होऊन निघून जात आणि दगड रस्त्यात तसेच राहत.

मनकर्णा आता दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. संध्याकाळी बायांच्या घोळक्यानं परतताना चढावर ती मागे राहते. रस्त्यात पडलेला धोंडा दिसला की दोन्ही हातांनी ढकलत कडेला नेते. गोरक्षनाथाची जीप एकदा तिथून गेली तेव्हा ती वाकलेली होती, आणि पुढं गेलेल्या बाया तिनंच जुळवलेली ओवी म्हणत होत्या.

दिस बुडाया लागला, धूळ चढली वाटंला,
घाई माज्या धन्याला, लई घाई घरची त्येला,
लाल दिव्या, मेल्या, तुजा उजेड मागनं आला.

गोरक्षनाथानं जीप थांबवली. उतरण्याआधी त्यानं हातब्रेक ओढला, करकरून, शेवटच्या दातापर्यंत. मग तिच्यापाशी गेला आणि दगडाला दुसऱ्या बाजूनं हात लावला. दगड कडेला लागला.

चढाच्या वर, अंधारात, आणखी एक पडलेला होता.